थोडक्यात हरलेल्या मॅचचा हिशेब कसा मांडावा

मी कोल्हापूरचा. लहानपणी फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियमच्या पायऱ्या, भाजलेल्या शेंगा आणि दोन पेठांतली खुन्नस. मॅच हरली की घरी जाईपर्यंत गुन्हेगार ठरलेला असायचा, आणि तो दहातल्या नऊ वेळा गोली, म्हणजे गोलकीपर असायचा. मी स्वतः शाळेत गोली होतो, म्हणून हे पक्कं लक्षात आहे. बाकी दहा जणांनी बॉल कसा सोडला ते कुणी विचारत नाही. शेवटी ज्याच्या हाताला तो लागला, त्याच्या नावावर गोल.

गेली एकवीस वर्षं मी अमेरिकेत, नेब्रास्कातल्या लिंकन गावात आहे. विमा कंपनीत आकडेमोड करतो. इथला फुटबॉल वेगळा. बॉल नारळासारखा लांबट, पाय क्वचितच लागतो, आणि राज्यात या खेळाचा मोठा व्यावसायिक संघ नसल्यामुळे सगळा जीव विद्यापीठाच्या संघात. मेमोरियल स्टेडियमची तिकिटं १९६२ पासून प्रत्येक मॅचला संपतात. शेजारी एक म्हातारे शेतकरी राहतात. मका, ट्रॅक्टर आणि बोलण्यातली मिजास बघून आमच्या घरात त्यांचं नाव ‘पाटील’ पडलंय. त्यांच्याकडे वडिलांच्या काळापासूनच्या सीटा आहेत. मॅच हरली की रविवारी सकाळी ते कुंपणापाशी उभे राहतात आणि एकच प्रश्न विचारतात: “कोच की पोरं?”

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न इतक्यांदा आला की मी त्यासाठी एक वही घातली. आपल्यापैकी कुणाची लेकरं इथल्या कॉलेजांत आहेत, कुणी नव्यानं हा खेळ बघायला लागलंय. दर शनिवारी घरात वाद होत असतील, तर ही वही कशी लिहायची ते सांगतो.

आधी ‘थोडक्यात’ म्हणजे किती, ते ठरवून घ्या. टचडाउन, म्हणजे बॉल समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेणं, त्याचे सहा, त्यानंतरच्या किकचा एक. किक न मारता पुन्हा बॉल आत नेला तर एकाऐवजी दोन. म्हणजे एका झटक्यात जास्तीत जास्त आठ गुण. आठ किंवा कमी गुणांनी हरलात तर ती थोडक्यात हार. त्याहून जास्त असेल तर वही उघडू नका, जेवून झोपा.

दुसरं, त्याच रात्री लिहू नका. हे मी अनुभवानं सांगतोय. २०२१ च्या सप्टेंबरात ओक्लाहोमाकडून २३-१६ असं हरलो, त्या संध्याकाळी मी आमच्या किकरला उद्देशून फोनवर एक मोठा निरोप टाइप केला होता. मराठीत सुचलेल्या शिव्यांचं इंग्रजी करताना अडलो, म्हणून लेकीला शब्द विचारला. तिनं फोन हातातून काढून घेतला, वाचला आणि पुसून टाकला. “बाबा, तो माझ्या वर्गात असू शकतो.” एवढंच म्हणाली, पण मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

रविवारी दुपारी चहा घेऊन बसा. मोबाइलवरचे तीन मिनिटांचे तुकडे बघू नका, त्यांत फक्त शेवटचा घाव दिसतो. प्रत्येक मॅचचा चेंडूगणिक तक्ता फुकट मिळतो: कुठल्या डावाला, कुठल्या यार्डावरून, काय केलं, किती मिळालं. तो काढा आणि पहिल्या मिनिटापासून वाचा. वाचताना एका कागदावर फक्त सुटलेले गुण लिहा. कुणामुळे सुटले ते अजून लिहायचं नाही.

ओक्लाहोमाचीच मॅच घ्या. आमच्या दोन फील्ड गोल हुकल्या (मैदानातून खांबांमधून मारायची किक, तिचे तीन गुण), म्हणजे सहा गुण. टचडाउननंतरची एक किक अडवली गेली, एक गुण. अडवलेला बॉल घेऊन ओक्लाहोमाचा गडी थेट दुसऱ्या टोकाला पळाला, त्याचे त्यांना दोन. बेरीज नऊ. हरलो सातनं. आता दोन्ही फील्ड गोल लागल्याच असत्या असं धरणं लबाडी होईल. पण मॅच कुठल्या खात्यात सांडली ते कागदावर स्वच्छ दिसतं. आणि ते शेवटच्या दोन मिनिटांत नाही दिसत.

आता वहीचं पान उभं आखा. चार रकाने: निर्णय, तयारी, अंमल, नशीब. पहिले दोन कोचचे. तिसरा खेळाडूंचा. चौथा कुणाचाच नाही. सुटलेला प्रत्येक गुण कुठल्या तरी रकान्यात जायला हवा, आणि एखादा गुण दोघांत वाटायचा असेल तर खुशाल अर्धा अर्धा लिहा. विम्यात आम्ही हेच करतो. अपघातात चूक कुणाची, हे शंभर-शून्यात क्वचितच बसतं.

निर्णयाच्या रकान्यात काय जातं, याचा सर्वांत शुद्ध नमुना मियामी विद्यापीठाच्या संघाचा आहे. ७ ऑक्टोबर २०२३, समोर जॉर्जिया टेक. मियामी २०-१७ नं पुढे, बॉल त्यांच्याकडे, घड्याळात अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ, आणि जॉर्जिया टेककडे घड्याळ थांबवायला एकही टाइमआउट शिल्लक नाही. या खेळात एक डाव संपला की पुढचा सुरू करायला चाळीस सेकंद मिळतात आणि तोवर घड्याळ पळत राहतं. म्हणजे क्वार्टरबॅकनं, प्रत्येक डाव सुरू करणाऱ्या आणि पास टाकणाऱ्या गड्यानं, बॉल घेऊन नुसता गुडघा टेकला असता की मॅच संपली. पहिलीतल्या पोराला येईल अशी वजाबाकी. पण कोच मारिओ क्रिस्तोबाल यांनी बॉल घेऊन पळायचा डाव दिला. पळणाऱ्याच्या हातून बॉल निसटला, जॉर्जिया टेकनं उचलला, चार डावांत मैदान कापलं आणि २३-२० नं मॅच मारली. बॉल निसटण्याआधी गडी जमिनीला टेकला होता की नाही, यावर अजून वाद घालणारे आहेत. माझ्या मते तो वादच फिजूल. ज्या डावाची गरजच नव्हती, त्यात पोरानं बॉल सोडला तर दोष पोराचा कसा? क्रिस्तोबाल यांनी चूक कबूल केली, ते बरं केलं. पण ओरेगनला कोच असताना २०१८ मध्ये स्टॅनफर्डविरुद्ध याच माणसानं अगदी असंच केलं होतं. गुडघा टेकवला नाही, बॉल निसटला, जादा वेळेत ३८-३१ नं हरले. त्यामुळे माझ्या वहीत ती मॅच पूर्ण शंभर टक्के पहिल्या रकान्यात आहे. असं पान मला आजवर एकच मिळालं.

पण निर्णयाचा रकाना भरताना एक पथ्य पाळायचं. निकाल झाकून ठेवायचा आणि मगच निर्णय तपासायचा. तळहातानं धावफलक झाका आणि स्वतःला विचारा: त्या क्षणी, त्या माहितीवर, मी काय केलं असतं?

हे पथ्य नेब्रास्कात शेंबडं पोरही जाणतं, कारण इथला सर्वांत लाडका पराभव तसाच आहे. २ जानेवारी १९८४, ऑरेंज बोल ही मोसमानंतरची मोठी मॅच, मियामीविरुद्ध. नेब्रास्का त्या मोसमात एकही मॅच हरलं नव्हतं. शेवटच्या मिनिटात टचडाउन करून ३१-३० वर आले. त्या काळी जादा वेळ नव्हता. साधी किक मारली असती तर मॅच बरोबरीत सुटली असती आणि राष्ट्रीय विजेतेपद बहुतेक आमच्याकडेच आलं असतं. कोच टॉम ऑस्बर्न यांनी दोन गुणांसाठी पास टाकायला सांगितलं. मियामीच्या एका बचावपटूची बोटं लागली, बॉल पडला, विजेतेपद गेलं. आता बघा, हा माणूस त्यानंतर गावातून हाकलला गेला का? उलट पुढं त्यांनी १९९४, १९९५ आणि १९९७ ची विजेतेपदं आणली, २५५ मॅचेस जिंकून निवृत्त झाले, अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून गेले, आणि आज मेमोरियल स्टेडियमचं मैदान त्यांच्या नावानं आहे. पाटील त्या रात्री मियामीत होते. ते सांगतात, “बरोबरीसाठी कोण एवढ्या लांब जातं?” माझ्या वहीत ती हार तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यात आहे. पहिल्यात शून्य.

याच्या उलट उदाहरण डब्लिनचं. ऑगस्ट २०२२, आयर्लंडमध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्ध मॅच. तिसऱ्या सत्रात आम्ही २८-१७ पुढं. सगळं सुरळीत चाललंय, आणि आमचे कोच स्कॉट फ्रॉस्ट यांनी अचानक ऑनसाइड किक मारायला लावली. म्हणजे बॉल लांब न मारता मुद्दाम जवळच मारायचा आणि आपणच झडप घालून पकडायचा. पकडला नाही. नॉर्थवेस्टर्नला मैदानाच्या मध्याजवळ बॉल मिळाला, त्यांनी टचडाउन केलं आणि शेवटी ३१-२८ नं जिंकले. धावफलक झाकला तरी हा निर्णय मला पटत नाही. अकरानं पुढं असताना जुगार कशाला? तरीही सगळी मॅच त्या किकवर टाकू नका. त्यानंतरही आम्ही पुढंच होतो. बचावानं टचडाउन दिलं, शेवटच्या सत्रात आमच्याकडून एक गुण झाला नाही, पासही विरुद्ध हातांत गेले. मी अर्धा दोष कोचला लिहिला. पाटलांनी पाऊण लिहिला. त्यावर आमचं आजतागायत जमलेलं नाही.

दुसरा रकाना, तयारी, हा सर्वांत अवघड. कारण तो मैदानावर दिसत नाही. मंगळवारी-बुधवारी सरावात काय झालं किंवा झालं नाही, ते शनिवारी पोराच्या चुकीचं रूप घेऊन येतं. तो कसा ओळखायचा हे एका डावातून दाखवतो, कारण माझी खरी ठेच तिथंच लागली.

२५ सप्टेंबर २०२१, मिशिगन स्टेटच्या मैदानावर. दुसऱ्या अर्ध्यात आमच्या बचावानं त्यांना एकही फर्स्ट डाउन मिळू दिला नव्हता. म्हणजे चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकणं, जे प्रत्येक संघ मॅचमध्ये वीस-वीस वेळा करतो, ते त्यांना अर्धी मॅच जमलं नाही. आम्ही २०-१३ पुढं. चारेक मिनिटं उरली. आमच्याकडून पंट, म्हणजे बॉल लांब मारून त्यांच्या हवाली करायचा. साधं काम. अशा वेळी सगळे दहा जण एका ठरलेल्या बाजूला धावतात, आणि पंटर बॉलही त्याच बाजूला मारतो, म्हणजे पकडणारा कोंडीत सापडतो. आमचे दहा जण एका बाजूला गेले. बॉल गेला दुसऱ्या बाजूला. तिथं मिशिगन स्टेटचा जेडेन रीड उभा होता आणि त्याच्या समोर मोकळं रान. बासष्ट यार्ड. मॅच बरोबरीत, आणि जादा वेळेत २३-२० नं आम्ही घरी.

मी तेव्हा बेधडक तिसऱ्या रकान्यात लिहून टाकलं: पंटरनं बॉल चुकीकडे मारला, पंटरचा दोष. पाटलांनी माझी वही मागितली आणि मागची पानं उलटली. ऑगस्टात इलिनॉयविरुद्ध ३०-२२ हार: टचडाउननंतरच्या दोन साध्या किक हुकलेल्या, शिवाय पंट झेलणाऱ्यानं स्वतःच्या गोलरेषेजवळ गोंधळ घालून समोरच्यांना दोन गुण दिलेले. ओक्लाहोमा: वर सांगितलंच. आणि आता हे. तीन मॅच, तिन्हींत वेगवेगळी पोरं, पण खातं एकच: किक, पंट, त्यांचा बचाव. इथं त्याला स्पेशल टीम्स म्हणतात. पाटील म्हणाले, “एक गाय लंगडली तर गाय बघायची. सगळीच लंगडायला लागली तर गोठ्याची जमीन बघायची.”

तेव्हापासून माझा नियम असा आहे. एका पोराकडून एकदा चूक झाली तर ती अंमल. तीच चूक त्याच पोराकडून परत परत झाली तर अर्धी अंमल, अर्धी तयारी, कारण त्याला खेळवतोय कोण? आणि एकाच जातीची चूक निरनिराळ्या पोरांकडून होत राहिली तर ती पूर्ण तयारी, मग ती कुणाच्या का हातून घडेना. त्या मोसमाच्या शेवटी आयोवाविरुद्ध आम्ही २१-६ पुढं होतो. चौथ्या सत्रात आमचा पंट अडवला गेला, त्यावरच त्यांचं टचडाउन झालं आणि मॅच २८-२१ नं गेली. तेव्हा मला लिहायला विचार करावा लागला नाही. मोसम संपल्यावर विद्यापीठानं स्पेशल टीम्ससाठी स्वतंत्र कोच नेमला. उशिरा का होईना, त्यांनाही गोठ्याची जमीन दिसली.

तिसऱ्या रकान्याबद्दल थोडंच सांगतो, कारण तो सगळ्यांना आपोआप भरता येतो. फक्त शेवटच्या चुकीला शेवटचाच भाव द्या. बॉइझी स्टेटचा किकर काइल ब्रॉट्झमन, २६ नोव्हेंबर २०१०, नेवाडाविरुद्ध. शेवटच्या सेकंदाला २६ यार्डांची फील्ड गोल हुकली, जादा वेळेत २९ यार्डांची हुकली, ३४-३१ हार, आणि नाबाद मोसमाचं स्वप्न तिथंच संपलं. किकरसाठी ही अंतरं म्हणजे अंगणातली. दोष त्याचा आहेच, मी लपवत नाही. पण मध्यंतराला बॉइझी स्टेट २४-७ पुढं होतं! ती सतरा गुणांची आघाडी काही किकरनं गमावली नव्हती. तक्ता पहिल्या मिनिटापासून वाचायला मी सांगतो तो याचसाठी. त्या पोराला नंतर धमक्या आल्या, हेही वहीत लिहिलंय.

माझी स्वतःचीच एक फजिती याच रकान्यातली. ९ ऑक्टोबर २०२१, रात्रीची मॅच, मिशिगन आमच्या मैदानावर. मी आणि पाटील शेजारी शेजारी. मॅच २९-२९ अशी बरोबरीत, शेवटची दोन मिनिटं, बॉल आमच्याकडे. क्वार्टरबॅक एड्रियन मार्टिनेझ स्वतः बॉल घेऊन घुसला, ढिगाऱ्यात कुणीतरी त्याच्या हातातून बॉल ओरबाडला. मिशिगननं फील्ड गोल मारली, ३२-२९. स्टेडियम एकदम गप्प झालं, आणि मी मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं मराठीत बोललो. घरी येऊन अख्ख्या मॅचचा दोष मार्टिनेझच्या नावावर. दुसऱ्या दिवशी तक्ता वाचायला घेतला तर मध्यंतराला आम्ही १३-० नं मागं होतो. त्यानंतरचे एकोणतीस गुण ज्याच्या हातापायांतून आले, तो हाच पोरगा. तो नसता तर ही थोडक्यात हार झालीच नसती, सपाटून झाली असती. मी आडवी रेघ मारून पान पुन्हा लिहिलं.

आता नशीब. हा रकाना लोकांना आवडत नाही, पळवाट वाटते. पण बॉल लांबट आहे, जमिनीवर पडला की कुठं उसळेल ते त्यालाही माहीत नसतं. बॉल निसटणं ही चूक आहे. निसटलेला बॉल कुणाला सापडतो ही बरीचशी लॉटरी आहे. म्हणून निसटलेल्या बॉलचे गुण मी अर्धे तिसऱ्यात, अर्धे चौथ्यात टाकतो. वारा आणि पंचांचा एखादा इशाराही चौथ्यातच, पण पंचांना मॅचमागे एकच नोंद. नाहीतर सगळी वही पंचांच्या नावावर जाईल, आम्हा कोल्हापूरकरांचा तो जुना रोग आहे.

नशीब किती, हे एका मॅचवरून कळत नाही. त्याला ढीग लागतो. २०२१ चा आमचा मोसम बघा: तीन विजय, नऊ पराभव. नऊच्या नऊ पराभव नऊ किंवा कमी गुणांचे. त्यांतले आठ तर आठ किंवा कमी गुणांचे. सगळ्या मोसमाची बेरीज केली तर आम्ही ३३५ गुण केले आणि २७२ दिले. म्हणजे त्रेसष्ट गुणांनी वरचढ असलेला संघ नऊ मॅच हरला. एवढंच बघितलं तर म्हणाल, बिचारे कमनशिबी. पण फ्रॉस्ट यांच्या पूर्ण कारकिर्दीत, २०१८ ते २०२२, एका झटक्याच्या आतल्या मॅचेस होत्या सत्तावीस. जिंकल्या पाच, हरल्या बावीस. मी ऑफिसच्या दुपारच्या सुट्टीत हिशेब केला. नाणं सत्तावीस वेळा उडवलं तर पाच किंवा कमी वेळा छापा पडण्याची शक्यता साधारण तेराशेत एक. वरच्या गटात सव्वाशेच्या वर संघ आहेत आणि वर्षानुवर्षं खेळतायत, त्यामुळे कुणाच्या तरी नशिबी असं येणारच, हे धंद्यानं शिकवलंय मला. तरीही तेराशेत एक हे प्रकरण विमा कंपनी नुसतं नशीब म्हणून मिटवत नाही, माणूस पाठवून चौकशी करते. विद्यापीठानंही केली. ११ सप्टेंबर २०२२ रोजी, जॉर्जिया सदर्नकडून ४५-४२ असं घरच्या मैदानावर हरल्याच्या दुसऱ्या दिवशी, फ्रॉस्ट यांना घालवलं. तीन आठवडे थांबले असते तर त्यांना द्यावी लागणारी दीड कोटी डॉलरच्या घरातली रक्कम निम्म्यावर आली असती. थांबले नाहीत. १९९७ च्या विजेत्या संघाचा हाच क्वार्टरबॅक. पाटलांनी त्या दिवशी काही विचारलं नाही, नुसती मक्याची कणसं आणून दिली.

मग कोच बदलला की खातं बंद? तसं झालं असतं तर ही वही मी कधीच रद्दीत घातली असती. २०२३ मध्ये मॅट रूल आले. पहिलीच मॅच मिनेसोटाविरुद्ध, १३-१० हार. पुढं नोव्हेंबरात ओळीनं चार: मिशिगन स्टेट २०-१७, मेरीलँड १३-१०, विस्कॉन्सिन जादा वेळेत २४-१७, आयोवा १३-१०. चारांतली एक जिंकली असती तर सहा विजय होऊन मोसमानंतरची बोल मॅच मिळाली असती. पाचवर अडकले. नवा कोच, बरीच नवी पोरं, आणि रकाने तेच. म्हणून पहिल्या वर्षी कोचच्या नावावर तयारीचा दोष लिहिताना मी पेन्सिल वापरतो. मागच्या माणसाचं कर्ज किती आणि याचं स्वतःचं किती, ते दुसऱ्या वर्षाशिवाय कळत नाही.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: थोडक्यात जिंकलेल्या मॅचचंही पान लिहा. नाहीतर वही खोटी. २ ऑक्टोबर २०१०, एलएसयू (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) विरुद्ध टेनेसी. शेवटच्या सेकंदांत एलएसयूचा घड्याळाचा असा काही विचका झाला की मॅच गेलीच होती, कोच लेस माइल्स यांची अब्रूही. पण टेनेसीनं त्या डावाला मैदानावर तेरा जण उतरवले होते. अकराच्या जागी तेरा! दंड म्हणून एलएसयूला आणखी एक डाव मिळाला, त्यावर टचडाउन, १६-१४ विजय. दुसऱ्या दिवशी लोक हसले आणि विसरले. माझ्या वहीत एलएसयूच्या कोचला निर्णयाचा पूर्ण दोष आहे, जिंकूनसुद्धा. टेनेसीच्या पानावर तयारीच्या रकान्यात फक्त एक आकडा लिहिलाय: १३.

पैशाचंही बोलायला हवं, कारण हल्ली तो मुद्दा हमखास निघतो. फ्रॉस्ट यांना वर्षाला पन्नास लाख डॉलर मिळत होते आणि पोरांना शिष्यवृत्ती. तेव्हा “दोष कुणाचा” याचं अर्धं उत्तर पगारपत्रकातच होतं. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमवायची मुभा मिळाली, आणि २०२५ पासून विद्यापीठं त्यांना थेट वाटा देऊ लागली. आता लोक म्हणतात, पैसे घेतायत तर शिव्याही घ्याव्यात. मला हे निम्मं पटतं. तिसरा रकाना पूर्वीइतक्या मायेनं लिहायची गरज उरलेली नाही. पण वय अठरा ते बावीसच आहे. २०१५ मध्ये मिशिगनचा पंटर ब्लेक ओनील, ऑस्ट्रेलियाहून आलेला, मिशिगन स्टेटविरुद्ध दहा सेकंद उरलेली असताना बॉल नीट धरू शकला नाही. समोरच्यांनी तो उचलून टचडाउन केलं, मिशिगन २७-२३ नं हरलं. त्याला इतके घाण निरोप आले की विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांना उघड पत्र लिहून चाहत्यांना समज द्यावी लागली. मी मागं फोनवर टाइप केलेला तो निरोप त्यातलाच एक झाला असता. म्हणून वही घरात ठेवा. कुंपणापर्यंत न्या, फार तर कामावर न्या. पोराच्या खात्यावर नेऊ नका.

माझ्या वहीतलं एक पान अजून पेन्सिलीतच आहे. २९ नोव्हेंबर २०२४, आयोवा सिटीतली मॅच. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, आमच्याकडे उरलेल्या टर्कीचा तांबडा रस्सा केला होता आणि पाटील तो नाक पुसत पुसत जेवत होते. मध्यंतराला १०-० पुढं, शेवटी १०-१०. अर्ध्या मिनिटापेक्षा कमी वेळ, बॉल आमच्याकडे. गुडघा टेकून जादा वेळेत जायचं, की एक पास टाकून बघायचं? रूल यांनी पास टाकायला लावला. क्वार्टरबॅक डिलन रायोला पहिल्या वर्षाचा. बॉल सोडायच्या आत मागून हात आला, बॉल निसटला, आयोवाला सापडला. मग त्रेपन्न यार्डांची फील्ड गोल, घड्याळ शून्यावर असताना. परत १३-१०.

पाटलांनी वही पुढं ओढली. “हे मियामी की ऑरेंज बोल?”

मी धावफलक तळहातानं झाकला. बायकोनं तोवर टीव्हीच बंद केला होता. निर्णय चाळीस, अंमल तीस, नशीब तीस असं मी लिहिलं. पाटलांनी चाळीस खोडून वीस केले. मी परत पस्तीस केले. रस्सा गार झाला.